गरम पाण्याचा हिशेब

जयपूरला राहतो म्हटलं की पुण्या-साताऱ्याकडचे नातेवाईक आधी इथल्या उन्हाळ्याबद्दल विचारतात. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे ते विचारणारच. पण जो पाहुणा जानेवारीत येतो, तो पहिल्याच सकाळी न्हाणीघरातून हाका मारायला लागतो. रात्रीचं तापमान सात-आठ अंशांवर येतं, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गारठतं आणि नळाखाली हात धरला की बोटं बधिर होतात. इथे हिवाळ्यात गरम पाणी ही चैन नाही. घरात आजी असेल, लहान मूल असेल किंवा कुणाला सांधेदुखी असेल, तर सकाळचं सगळं वेळापत्रक त्या बादलीवर अवलंबून असतं.

आमच्या आजीचं माहेर साताऱ्याचं. गरम पाण्याबद्दल तिच्याकडे जेवढे शब्द आहेत तेवढे माझ्याकडे नाहीत. तांब्याचा बंब, त्याच्या मधल्या नळकांड्यात टाकायचे लाकडाचे ढलपे आणि गोवऱ्या, पाणी काढायचं घंगाळ, आणि कढत पाण्यात ‘विसण’ घालणं. विसण म्हणजे गरम पाणी अंगाला सोसेल इतपत निववण्यासाठी त्यात घातलेलं गार पाणी. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून झालं की ती अजूनही विचारते, “विसण घातलंस का गं?” बंबाची रचना हुशारीची होती. जाळ मधोमध आणि पाणी त्याच्या भोवती, त्यामुळे उष्णता वाया जाण्याआधी पाण्याला मिळायची. उत्तरेत अशाच भांड्याला हमाम म्हणतात, आणि थंडीच्या भागात तो अजून वापरात आहे. फ्लॅटमध्ये मात्र धूर कुठे सोडणार? बंब गेला, तांब्याच्या भावाने विकला गेला, आणि त्याच्या जागी आमच्या न्हाणीघरात गॅस गिझर आला.

त्या सकाळी काय झालं

मानसरोवर भागातल्या आमच्या इमारतीत चार मजले आणि आठ घरं आहेत. घर घेतलं तेव्हाच गॅस गिझर न्हाणीघरात आतल्या भिंतीवर बसवलेला होता. इमारतीतल्या आठांपैकी पाच घरांत तसाच होता. स्वस्त, लगेच गरम पाणी देणारा, आणि वीज गेली तरी चालणारा.

मागच्या जानेवारीत एका सकाळी आई आंघोळीला गेली. बाहेर धुकं होतं, म्हणून छोटी खिडकी घट्ट लावलेली. दहा-बारा मिनिटांनी आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. बाबांनी हाक मारली, उत्तर आलं नाही. दोन धक्क्यांत कडी निखळली. आई भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे होते, पण आम्ही काय विचारतोय ते तिला कळत नव्हतं. तिला बाहेर आणलं, खिडक्या उघडल्या आणि दवाखान्यात नेलं. तिथे तिला कित्येक तास ऑक्सिजन लावला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “गिझर गॅसचा आहे का?”

गॅस जळताना त्याला भरपूर हवा लागते. लहानशा बंद खोलीत ती लवकर कमी होते, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे त्याला पकडून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते. माणसाला वाटतं की गरम पाण्याने किंवा उपाशीपोटी असं झालं असेल. तोवर हातपायांतली ताकद जाते आणि दारापर्यंत पोचणंही अवघड होतं. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. आम्हीही त्या वाचत होतोच.

आई दुसऱ्या दिवशी घरी आली. त्याच संध्याकाळी बाबांनी गिझर काढून टाकला. पुढचे आठ दिवस स्वयंपाकाच्या गॅसवर पातेल्यात पाणी तापवलं. उकळतं पातेलं ओट्यावरून न्हाणीघरापर्यंत नेणं हाही धोकाच आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून ‘आता काय बसवायचं’ हा प्रश्न पुढे ढकलण्यासारखा नव्हता. माझं काम माहिती शोधून ती सोप्या भाषेत लिहिण्याचं, त्यामुळे शोधाची जबाबदारी माझ्यावर आली.

एका बादलीला किती लागतं?

मी सुरुवात एका बादलीपासून केली. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून बेचाळीस अंशांपर्यंत न्यायचं, तर साधारण 0.63 युनिट वीज लागते. यात पळवाट नाही. पाणी तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच, मग हीटर कुठल्याही कंपनीचा असो. चौघांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर. जयपूरमध्ये गरम पाणी लागतं ते चार महिने, म्हणजे हंगामाला सुमारे 300 युनिट. युनिटला सात रुपये धरले तर 2,100 रुपये.

तेच पाणी गॅसवर तापवलं तर बादलीमागे साठ-सत्तर ग्रॅम गॅस लागतो. हंगामाला 14.2 किलोच्या दोन सिलिंडरांहून थोडा अधिक. म्हणजे पैशांच्या हिशेबात गॅस महाग नव्हता. पाच घरांनी तो बसवला होता त्यालाही हेच कारण होतं.

मग स्टार लावलेल्या विजेच्या गिझरने काय वाचतं? हे मला आधी नीट माहीत नव्हतं. साठवणीच्या गिझरवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं जे लेबल असतं, त्यातले स्टार ‘उभ्या तोट्या’वर ठरतात. म्हणजे पाणी तापल्यावर ते वापरलं नाही, तर चोवीस तासांत टाकीच्या भिंतींतून किती उष्णता निसटते त्यावर. पाच स्टारच्या गिझरचं अस्तर चांगलं असतं, पाणी जास्त वेळ गरम राहतं. पण ज्या घरात बटण दाबून पंधरा मिनिटांत सगळं पाणी वापरून बटण बंद करतात, तिथे एक स्टार आणि पाच स्टार यांतला फरक कमीच पडतो. दिवसभर बटण चालू राहणाऱ्या घरात तो ठळक दिसतो. थर्मोस्टॅट साठऐवजी पन्नासवर ठेवला तर तोटा आणखी कमी होतो, आणि भांड्यात क्षारही कमी साचतात.

हीट पंप नावाचा आणखी एक प्रकार आहे. तो एसीसारखा चालतो, फक्त उलट दिशेने. बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्याला देतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळू शकते. हॉटेलं, वसतिगृहं यांना तो परवडतो. चौघांच्या घराला वर्षातले चार महिने वापरण्यासाठी त्याची किंमत जास्त वाटली, आणि कडक थंडीत त्याचा फायदाही कमी होतो.

उरला सोलर बंब. पुण्याला मावशीच्या इमारतीवर तो मी लहानपणापासून बघत आले आहे. पुणे महापालिका सोलर हीटर, पर्जन्यजल साठवण, गांडूळखत असे प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात सवलत देते. बंगळुरूतही सोलर हीटर असलेल्या घरांना वीजबिलात सूट मिळत आली आहे. मग एवढं ऊन असलेल्या जयपूरमध्ये आमच्या गल्लीत दोनच गच्च्यांवर तो का दिसतो?

गच्ची कुणाची?

याचं उत्तर इमारतीच्या बैठकीत मिळालं. गच्ची आठ घरांची सामाईक. तिथे कपडे वाळतात, पापड वाळतात आणि मकर संक्रांतीला अख्खी इमारत पतंग उडवायला वर असते. प्रत्येकाने आपापला सोलर बसवला तर उभं राहायलाही जागा उरणार नाही. तळमजल्यावरचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे माट्साब म्हणतात, त्यांनी पहिलाच मुद्दा काढला. “पाणी वर तापेल, पण माझ्यापर्यंत येईतो गार होईल.”

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पाऊण इंची पाइपमध्ये दर मीटरला साधारण पाव लिटर पाणी उभं असतं. गच्चीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत पंधरा-सोळा मीटर धरले, तर गरम पाणी येण्याआधी दर वेळी चार लिटर गार पाणी वाहून जाणार. ज्या शहराचं रामगढचं धरण कोरडं पडलं आणि ज्याला आता टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून पाणी आणावं लागतं, तिथे रोज असं पाणी सोडून देणं कुणालाच पटेना.

दुसरा मुद्दा पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलींचा. तिघी नोकरी करतात. बादलीत विजेचा रॉड सोडून पाणी तापवतात. भाड्याच्या घरात हजारो रुपये घालून त्या काय बसवणार? आणि बादलीत रॉड चालू असताना पाण्याला हात लागला तर काय होऊ शकतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

तिसरा मुद्दा सबसिडीचा. सगळ्यांना वाटत होतं की सरकार पैसे देतं. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. 13 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना वीज बनवणाऱ्या सोलर पॅनेलसाठी आहे. त्यात तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पाणी तापवणारा सोलर त्यात येत नाही. 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये सोलर हीटरलाही स्थान होतं. 2022 पर्यंत देशात 2 कोटी चौरस मीटर संग्राहक बसवण्याचं उद्दिष्ट होतं आणि अनुदानही मिळत असे. ते 2014 मध्ये थांबलं.

मी माझा हिशेब सगळ्यांसमोर मांडला, तोही काहीच न लपवता. दोन घरांत मिळून 200 लिटरचा एक सोलर, पाइप आणि मजुरीसकट, आम्हाला चाळीस हजारांच्या आसपास सांगितला होता. म्हणजे घरामागे वीस हजार. वर्षाला दोन-सव्वादोन हजार वाचणार, तर पैसे वसूल व्हायला नऊ वर्षं. पुण्यात आंघोळीला जवळजवळ वर्षभर गरम पाणी घेतात, त्यामुळे तिथे हा काळ बराच कमी होतो. आमच्याकडे एप्रिल उजाडला की गार पाण्याच्या नळालाच चटका बसतो.

हे ऐकून दोन घरांनी लगेच नकार दिला. माट्साब मात्र म्हणाले, “पैशाचा हिशेब झाला. आता मागच्या महिन्यात काय झालं त्याचाही करा.” मग पुढचा अर्धा तास कुणी पैशांबद्दल बोललं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या भाभीजींनी सांगितलं की त्यांच्या मुलालाही दोनदा न्हाणीघरात चक्कर आली होती आणि त्यांनी ते उपाशीपोटी आंघोळ केल्यामुळे असेल असं समजून सोडून दिलं होतं.

त्या रात्री ठरलं ते असं. पाचही घरांतले गॅस गिझर न्हाणीघरातून निघतील, यावर मतदान नाही. वरच्या दोन मजल्यांवरची चार घरं दोन-दोन मिळून 200 लिटरचे दोन सोलर बसवतील, कारण त्यांच्यासाठी पाइप तोकडा आहे. खालची चार घरं लहान, पंधरा लिटरचे पाच स्टार गिझर घेतील. भाडेकरू मुलींच्या घरमालकांना माट्साबांनी फोन केला, आणि घर त्यांचंच असल्यामुळे गिझरचा खर्च त्यांनी उचलला. गच्चीचा अर्धा भाग मोकळा राहील. पुढे कुणाला वीज बनवणारं पॅनेल लावायचं असेल तर जागा असावी, आणि तोपर्यंत पतंग.

सत्तावीस अंशांची भिंत

सोलर बसवायला आलेल्या मिस्त्रीने दक्षिणेकडे तोंड करून स्टँड ठेवला आणि विचारलं, “जंतरमंतर बघितलंय ना?” सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत सत्तावीस अंशांनी चढते, कारण जयपूरचं अक्षांश सत्तावीस अंशांच्या जवळ आहे. ती भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर राहावी म्हणून हा कोन. सोलरच्या नळ्यांचा कोनही अक्षांशावरूनच धरतात. फक्त हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून दहा-पंधरा अंश जास्त. जयसिंहांच्या दरबारातले ज्योतिषी जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रीय, हे मी आजीला सांगितलं तेव्हा तिला त्या स्टँडबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

आमच्याकडे काचेच्या नळ्यांचा सोलर आहे. प्रत्येक नळीला काचेचे दोन थर असतात, मधली हवा काढून घेतलेली असते, थर्मासच्या बाटलीसारखी. आतल्या थराला ऊन शोषणारा काळा लेप असतो. नळीतलं पाणी तापलं की हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. जयपुरात बोअरचं पाणी जड असतं. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पॅनेलमध्ये क्षार साचून त्या तुंबतात, म्हणून इथे काचेच्या नळ्या सोयीच्या पडतात. तरी वर्षातून एकदा नळ्या आणि टाकी धुऊन घ्यावी लागते.

पहिल्या हिवाळ्यात अडचणी आल्याच. डिसेंबर-जानेवारीत सलग धुक्याचे दिवस आले तेव्हा टाकीतला विजेचा हीटर लावावा लागला. तो आपोआप चालू होणारा नको, हाताने लावायचा हवा, असं आम्ही आधीच सांगितलं होतं. नाहीतर पहाटे टाकी विजेवर तापते आणि दिवसभर उन्हाला करायला काही उरत नाही. माकडांनी पाइपवरचं काळं फोमचं आवरण दोनदा सोललं. मग त्यावर पत्र्याची पट्टी बसवली. संक्रांतीच्या दोन दिवस आधी नळ्यांवर जुनी जाजमं टाकली, पतंगामागे धावणाऱ्या मुलांचे पाय लागू नयेत म्हणून. उन्हाळ्यात हीच जाजमं पुन्हा टाकायची आहेत, कारण न वापरलेलं पाणी उकळत राहिलं तर सगळ्या यंत्रणेवरच ताण येतो.

तुमच्या घरी बदल करायचा असेल तर

सगळ्यात आधी न्हाणीघर बघा. गॅस गिझर आत असेल तर तो बाहेर, मोकळ्या हवेत घ्या, आणि धूर बाहेर नेणारा पाइप लावून घ्या. ते होईपर्यंत खिडकी उघडी ठेवा, बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः पाहुण्यांना, हे सांगा. चक्कर किंवा डोकेदुखी वाटली तर लगेच बाहेर या.

मग आपल्या बादल्या मोजा आणि वर्षातले किती महिने गरम पाणी लागतं ते लिहून काढा. आठ-नऊ महिने लागत असेल, गच्ची तुमची असेल आणि नळ जवळ असेल तर सोलर लवकर वसूल होतो. भाड्याचं घर किंवा खालचा मजला असेल तर लहान, चांगल्या अस्तराचा गिझर घ्या आणि घरात चांगलं अर्थिंग आहे ना ते वायरमनकडून तपासून घ्या. सोलर घेताना गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर आहे ना, आणि जिन्यावरच्या खोलीची सावली सकाळी नळ्यांवर पडत नाही ना, हे स्वतः वर जाऊन बघा. जड पाणी असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा किती वर्षांनी बदलायचा, हे विकत घेतानाच विचारून ठेवा.

आणि पाइप टाकतानाच एक फाटा स्वयंपाकघरात घ्या. आमच्याकडे हे आईने सुचवलं. मिस्त्री म्हणाला, उगाच खर्च वाढेल. आईने ऐकलं नाही. आमच्याकडे सकाळी सात वाजता भांडी घासायला येणाऱ्या बाई जानेवारीत दर दोन भांड्यांनंतर हात पदरात धरून उभ्या राहायच्या. बोटांना भेगा पडलेल्या असायच्या. त्या बोलायच्या नाहीत, आणि आम्हीही इतकी वर्षं ते पाहत आलो होतो. या हिवाळ्यात पहिल्या दिवशी त्यांनी नळ सोडला आणि चटकन हात मागे घेतला. आईने त्यांना शेजारचा गार पाण्याचा नळ दाखवला आणि म्हणाली, “थोडं विसण घाला.” मग तो शब्द त्यांना हिंदीत समजावून सांगायला आजी उठून आली.